‘कटकट’च्या वरच्या ओळीत ‘गडगड’

‘कांजूरमार्ग’ हा शब्द टंकायला अकरा कळा दाबाव्या लागतात. संगणकावरच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर त्यातल्या पाच वरच्या ओळीत आहेत, चार मधल्या आणि दोन खालच्या. डाव्या हाताच्या वाट्याला सहा येतात, उजव्याच्या वाट्याला पाच. एवढे नाव लिहायचे तर बोटांना तिन्ही मजले चढावे-उतरावे लागतात. मग सहज प्रश्न पडतो, की ज्यासाठी बोटांना एका ओळीतून हलावेच लागत नाही, असा सर्वांत लांब शब्द कोणता?

हा प्रश्न कांजूरमार्गला पडावा हे ठीकच आहे. इथून एक स्थानक दक्षिणेला विक्रोळी. १९४३ साली पिरोजशा गोदरेज यांनी लिलावात घेतलेल्या जमिनीवर तिथे कारखान्यांची नगरी उभी राहिली. त्याच गोदरेज अँड बॉईसने १९५५ साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला. स्थानकाच्या पश्चिमेला पवईच्या रस्त्याने गेले की १९५८ साली सुरू झालेले आयआयटी लागते आणि तिथल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात भारतीय लिप्या यंत्रावर कशा लिहाव्यात याचा अनेक वर्षे अभ्यास चालला आहे. म्हणजे एका हाताला लोखंडी कळा आणि दुसऱ्या हाताला काचेवरच्या.

इंग्रजीत हा खेळ जुना आहे. टाइपरायटरच्या सर्वांत वरच्या ओळीत क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय, यू, आय, ओ, पी ही दहा अक्षरे आहेत. फक्त एवढ्यांतून शब्द बनवायचा, अक्षर कितीही वेळा वापरायचे. पहिले उत्तर कोड्याइतकेच गमतीचे आहे, ते म्हणजे खुद्द ‘टाइपरायटर’. त्याची दहाही अक्षरे वरच्या ओळीतली. ‘प्रोप्रायटर’, ‘परपेच्युइटी’ आणि ‘रेपर्टवार’ हे शब्दही दहा-दहा अक्षरांचे आणि त्याच ओळीतले. एका रानवनस्पतीचे ‘रप्चरवर्ट’ हे नाव अकरा अक्षरांवर जाते आणि या तिघांच्या एक पाऊल पुढे उभे राहते.

मधल्या ओळीत मात्र दुष्काळ आहे. तिथे ‘अल्फाल्फा’ हा सात अक्षरांचा चारा मिळतो, ‘सॅलड’, ‘ग्लास’, ‘फ्लास्क’ मिळतात आणि अमेरिकेच्या पन्नास राज्यांपैकी एकट्या अलास्काचे नाव मिळते. खालच्या ओळीत तर शब्दच बनत नाही. कारण साधे आहे. ई, आय, ओ, यू हे चार स्वर आणि स्वरासारखा वागणारा वाय ही सगळी मंडळी वरच्या ओळीत बसली आहेत, मधल्या ओळीत एकटा ए आहे आणि खाली एकही स्वर नाही. स्वराशिवाय इंग्रजी शब्द उभा राहत नाही.

स्वर वरच का गेले? अमेरिकेतल्या मिलवॉकी गावच्या ख्रिस्तोफर लॅथम शोल्सने सहकाऱ्यांबरोबर १८६८ साली टाइपरायटरचे पेटंट घेतले. १८७३ मध्ये बंदुका बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीशी करार झाला आणि १८७४ पासून यंत्र विकायला आले. पहिल्या आराखड्यांत अक्षरे साधारण वर्णक्रमाने होती. त्याची खूण आजही मधल्या ओळीत दिसते. डी, एफ, जी, एच, जे, के, एल ही रांग वर्णमालेतलीच आहे, फक्त ई आणि आय तेवढे उचलून वर नेलेले. अक्षरांचे दांडे एकमेकांत अडकू नयेत म्हणून नेहमी जोडीने येणारी अक्षरे लांब केली, असे बरीच वर्षे सांगितले जाते. जपानी अभ्यासक कोइची आणि मोटोको यासुओका यांनी ते मान्य केले नाही. सुरुवातीला हे यंत्र तारबाबूंच्या हाती गेले आणि त्यांच्या सोयीने अक्षरे सरकत गेली, असे त्यांचे म्हणणे. विक्रेत्याला गिऱ्हाइकासमोर ‘टाइपरायटर’ हा शब्द झरझर उमटवता यावा म्हणून ती अक्षरे मुद्दाम एका ओळीत ठेवली, अशीही एक कथा आहे. कथा फक्कड आहे, पण तिला पुरावा नाही.

ओळींचा कंटाळा आला की हातांचा खेळ सुरू होतो. फक्त डाव्या हाताने लिहिता येणारे ‘स्ट्युअर्डेसेस’ आणि ‘रिव्हर्बरेटेड’ हे दोन्ही शब्द बारा अक्षरांचे आहेत. उजव्या हाताला ‘लॉलिपॉप’ मिळतो आणि नऊ अक्षरांची ‘पॉलिफनी’. एकही अक्षर दोनदा न येणारे शब्द हा याच घराण्यातला आणखी एक खेळ. त्यात ‘अनकॉपीराइटेबल’ आणि ‘डर्मॅटोग्लिफिक्स’ हे पंधरा अक्षरी शब्द मानाचे मानले जातात. यातल्या दुसऱ्याचा अर्थ बोटांच्या ठशांचा अभ्यास.

देवनागरी टाइपरायटरवर आली तेव्हा सगळी गणिते बदलली. इंग्रजीला सव्वीस अक्षरे पुरतात. देवनागरीला व्यंजने, स्वर, मात्रा, अर्धी अक्षरे आणि रफार एवढा लवाजमा तेवढ्याच कळांवर बसवायचा होता. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांत त्यासाठी थोडेफार फरक असत. त्यातली रेमिंग्टन पद्धतीची मांडणी पुढे संगणकावर कृतिदेव या फाँटबरोबर आली आणि टिकली. हिच्यात नेहमी लागणारी चिन्हे मधल्या ओळीत, बोटांच्या पायथ्याशी ठेवली आहेत. अनुस्वार, एक मात्रा, क, ऱ्हस्व वेलांटी, ह, दीर्घ वेलांटी, र, काना, स, य. एवढ्या सामग्रीत काय काय लिहिता येते पाहा : सरकार, सरकारी, सहकार, सहकारी, केसरी, किरकिरी आणि हाहाकार. महाराष्ट्राच्या शंभरेक वर्षांच्या सार्वजनिक आयुष्याचा सारांश बोट न हलवता टंकता येतो.

मंत्रालयापासून तालुक्याच्या कचेरीपर्यंत ज्यांनी कधी दुसऱ्याची फाइल आपल्या संगणकावर उघडली आहे, त्यांना हा ‘सरकार’ आणखी एका रूपात माहीत असतो. संगणकात तो फाँट नसला की पडद्यावर पाच इंग्रजी अक्षरे उमटतात : एल, जे, डी, के, जे. पाचही मधल्या ओळीतली. जुने टंकलेखक हा मजकूर फाँटशिवायही वाचू शकतात, कारण त्यांच्या लेखी अक्षर म्हणजे बोटाची जागा. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या टंकलेखन परीक्षेसाठी, मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांच्या वेगासाठी, ज्यांनी संस्थेच्या बाकावर महिनोन्महिने तेच तेच धडे बडवले, त्यांची बोटे जागा विसरत नाहीत.

यंत्राचे दिवस भरले, कळांची मांडणी मात्र राहिली. गोदरेजने २००९ मध्ये टाइपरायटरचे उत्पादन थांबवले. २०११ च्या एप्रिलमध्ये ‘जगातला शेवटचा टाइपरायटर कारखाना बंद’ अशी बातमी देशोदेशीच्या वर्तमानपत्रांत झळकली. ती पूर्ण खरी नव्हती, इतरत्र यंत्रे बनतच होती. पण मुंबईच्या एका कंपनीचे नाव त्या आठवड्यात जगभर टाइपरायटरशी जोडले गेले.

तोपर्यंत दुसऱ्या मांडणीला पाव शतक होत आले होते. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली इनस्क्रिप्ट कळफलक प्रमाण म्हणून पुढे आणला. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये इस्की हे संकेतप्रमाण प्रसिद्ध केले, तेव्हा त्यातही याला स्थान मिळाले. टाइपरायटरचे ओझे नसल्याने इथे पाटी कोरी होती. लोखंडी दांडे नव्हते, अर्ध्या अक्षरांसाठी वेगळ्या कळा नकोत, एक हलन्त पुरे. देवनागरी, गुजराती, कन्नड, मल्याळम अशा सगळ्या लिप्यांत तोच वर्ण त्याच कळेवर ठेवायचा होता. म्हणून मांडणी अक्षराच्या आकारावर न बेतता उच्चारावर बेतली. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला आल्या, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. क आणि ख एकाच कळेवर, ग आणि घ एकाच कळेवर. जोर देऊन उच्चारायचे महाप्राण अक्षर हवे असेल तर शिफ्ट दाबायचे.

आता खेळ मराठीत मांडता येतो. नियम एकच. शिफ्ट चालेल, ओळ बदललेली चालणार नाही.

वरच्या ओळीत आगगाडी मिळते, भाजी मिळते, झाडझूड आणि आघाडी मिळते. आजीबाई, आईबाबा, दादाभाई अशी घरची माणसे मिळतात आणि त्यांची भाऊबीजही. ‘दगाबाजी’ आणि ‘घाईगडबड’ या दोघांना सात-सात कळा लागतात. या ओळीचा खरा मानकरी मात्र ‘आबादीआबाद’. नऊ कळा, आणि बोट एकदाही खाली उतरत नाही.

मधली ओळ अधिक श्रीमंत निघते. खटपट, चुटपुट, चतकोर, पोरकट, खरेखोटे, अतिरेक, एकत्रित, चित्रपट. नऊ कळांचा ‘अतिपरिचित’. ज्या कागदासाठी टंकलेखकाने हयात घालवली ते ‘परिपत्रक’ आठही कळांसकट याच ओळीत आहे. आणि दहा कळांचा ‘उत्तरोत्तर’ सगळ्यांच्या डोक्यावर. इंग्रजीच्या मधल्या ओळीला जे साधले नाही ते मराठीला साधले, कारण इनस्क्रिप्टने मात्रा दोन ओळींत वाटून दिल्या आहेत.

खालच्या ओळीची गोष्ट वेगळीच. तिथे अनुस्वार आहे, म, न, व, ल, स आणि य आहेत, शिफ्टसह ण, ळ, श आणि ष आहेत. काना, मात्रा, वेलांटी, उकार यांपैकी मराठीच्या कामाचे काहीच नाही. इंग्रजीत अशा ओळीतून शब्द निघणे अशक्य होते. इथे निघतात, तेही भरपूर : नवल, सवय, समय, नयन, वलय, वळण, संयम, संशय, संवलन, सळसळ, मळमळ. देवनागरीच्या प्रत्येक व्यंजनात ‘अ’ मुकाट्याने बसलेला असतो, त्याच्यासाठी वेगळी कळ दाबावी लागत नाही. एवढेच नाही, तर खालची ओळ बोलीभाषेच्या बाजूची आहे. ‘सळसळणे’ असे छापील रूप लिहिले तर शेवटच्या मात्रेसाठी बोट मधल्या ओळीत जाते. ‘सळसळणं’ असे बोलल्यासारखे लिहिले तर सहाही कळा खालीच.

या यादीकडे थोडा वेळ पाहत राहिले की एक गोष्ट खटकते. वरच्या ओळीतल्या शब्दांचा आवाज एका जातीचा आहे आणि मधल्या ओळीतल्यांचा दुसऱ्या. वर गडबड, बडबड, धडाधड. मध्ये खटपट, कटकट, पटपट. हा योगायोग नाही. शाळेच्या व्याकरणात क, च, ट, त, प आणि त्यांचे महाप्राण सोबती यांना कठोर वर्ण म्हणतात. ग, ज, ड, द, ब आणि त्यांचे सोबती मृदू. कठोर उच्चारताना कंठ कापत नाही, मृदू उच्चारताना कापतो. गळ्यावर बोट ठेवून ‘प’ आणि ‘ब’ म्हटले की फरक हाताला लागतो. इनस्क्रिप्टने सगळे कठोर स्पर्शवर्ण मधल्या ओळीत ठेवले आणि प्रत्येकाचा मृदू जोडीदार बरोबर त्याच्या वर, किंचित डावीकडे. कच्या वर ग, चच्या वर ज, टच्या वर ड, तच्या वर द, पच्या वर ब.

म्हणून ‘कटकट’ टंकताना हात एक ओळ वर सरकला तर पडद्यावर ‘गडगड’ उमटते. ‘पटपट’ची होते ‘बडबड’, ‘टपटप’ची ‘डबडब’, ‘फटफट’ची ‘भडभड’ आणि ‘थपथप’ची चक्क ‘धबधब’. बोटांनी चूक केली तरी ती व्याकरणाला धरून होते.

संधीचे नियम पाठ करताना ज्यांनी कपाळाला हात लावला होता त्यांच्यासाठी यात आणखी एक गंमत आहे. वाक् आणि ईश मिळून वागीश. अच् आणि अंत मिळून अजंत. षट् आणि आनन मिळून षडानन. जगत् आणि ईश मिळून जगदीश. अप् आणि ज मिळून अब्ज. व्याकरणाची पुस्तके याला तृतीय व्यंजन संधी म्हणतात, कारण वर्गातल्या पहिल्या व्यंजनाच्या जागी तिसरे येते. कळफलकावर पाहिले तर पाचही उदाहरणांत एकच हालचाल दिसते. मधल्या ओळीतले बोट एक ओळ वर जाते. ‘आपद्’ आणि ‘काल’ मिळून ‘आपत्काल’ होतो तेव्हा तेच बोट एक ओळ खाली येते.

अर्थात घर पूर्ण आवरलेले नाही. अनुनासिकांतले म, न, ण खाली डाव्या हाताला आहेत, पण ङ आणि ञ वरच्या ओळीत उजवीकडे राहिले. र मधल्या ओळीत आणि ह वरच्या ओळीत का, याचे उत्तर कठोर-मृदूच्या हिशेबात मिळत नाही. तरी फरक स्पष्ट आहे. इंग्रजीत ‘टाइपरायटर’ हा शब्द एका ओळीत येण्याचा त्याच्या उच्चाराशी संबंध नाही. मराठीत ‘गडबड’ वर आणि ‘खटपट’ मध्ये का, हे तोंडाने म्हणून पाहिले की कळते.

हातांचा खेळही इथे उच्चाराच्या तालावर चालतो. मात्रा डावीकडे आणि व्यंजने उजवीकडे, म्हणून ज्या शब्दांत मात्राच नाहीत ते उजव्या हाताला जातात. धडपड, तडफड, कडकड, खळखळ, सरसकट. मराठीतले कितीतरी ध्वनिवाचक शब्द एकट्या उजव्या हाताचे आहेत. डाव्या हाताला स्वरांखेरीज मुख्यतः म, न, ण, व एवढीच व्यंजने मिळतात, पण तेवढ्यात मनमानी, नवनवीन, अनुमान आणि सात कळांची अवमानना बसते. आणि व्यंजनामागून मात्रा असा शब्द आला की दोन्ही हात टिपऱ्या खेळल्यासारखे आळीपाळीने पडतात. ‘दादागिरी’च्या आठ कळा आणि ‘हातापायाची’च्या दहा अशाच उजवी-डावी करत जातात. अमेरिकेतल्या ऑगस्ट ड्वोरॅक यांनी १९३६ साली पेटंट घेतलेल्या इंग्रजी कळफलकात स्वर असेच डाव्या हाताखाली ठेवले होते. तो कळफलक चार हौशी लोकांपलीकडे फारसा गेला नाही.

सर्वांत लांब शब्दाचा निकाल मात्र मराठीत लागणे कठीण. इंग्रजीत शब्दकोश उघडला की वाद मिटतो. मराठीत शब्दाला प्रत्यय आणि अव्यये चिकटत राहतात. वरच्या ओळीत ‘ही’ आहे, म्हणून ‘आबादीआबादही’ अकरा कळांवर जाते. मधल्या ओळीत ‘च’ आहे, म्हणून ‘उत्तरोत्तरच’ही अकरावर पोचते. मराठी माणसाचा लाडका ‘च’ नेमका बोटांच्या पायथ्याशी असल्याने भांडण बरोबरीत सुटते.

फोन आले तेव्हा ओळींचा प्रश्न नव्याने उभा राहिला. एवढ्याशा पडद्यावर एवढी अक्षरे मावणार कशी? पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्राने २०१३ साली स्वरचक्र हा कळफलक आणला. त्यात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडली आहेत. व्यंजनावर बोट ठेवले की त्याच्याभोवती मात्रांचे चक्र उघडते. क, का, कि, की अशी बाराखडी बोटाभोवती फिरते आणि हवे तिकडे बोट सरकवायचे. टंकलेखनाची परीक्षा न दिलेल्या, पण पहिलीत बाराखडी घोकलेल्या माणसाला ते चटकन जमते.

मांडणी बदलली की खेळाचा नियमही बदलतो. इथे एका ओळीऐवजी एका वर्गात राहणारे शब्द शोधावे लागतात. क-वर्गात काकाकाकू आणि गंगा. ट-वर्गात ठणठणाट. प-वर्गात पपई आणि उपमा. त-वर्ग यात सर्वांत सुपीक निघतो : निदान, अनाथ, अतोनात, तंतोतंत, अनुदानित. वरच्या ओळीच्या ‘आबादीआबाद’ला इथे जोडीदारही सापडतो, ‘आनंदीआनंद’.

आता स्थानकांच्या नावांकडे वळायला हरकत नाही. लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणाऱ्याला तेवढाच विरंगुळा. इनस्क्रिप्टच्या हिशेबाने ‘परळ’ एकट्या उजव्या हाताचे. ‘दादर’ वरच्या ओळीत पूर्ण बसता बसता शेवटचा ‘र’ घात करतो. संध्याकाळच्या घाईगडबडीत कांजूरमार्गहून डोंबिवलीकडची धीमी गाडी पकडली तर भांडुप, नाहूर, मुलुंड, ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा ही सातही नावे बोटांना वरखाली नाचवतात. आठवे स्थानक येते आणि फलकावर चार कळांचे नाव दिसते, चारही मधल्या ओळीतल्या : कोपर.